मुदतबाह्य, कालबाधित की कालबाह्य?

अनुवादाचे काम करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, परदेशात प्रवासाला गेलेल्या व्यक्तीच्या, अद्याप उलगडा न झालेल्या खुनाविषयीचा मजकूर मराठीत आणताना इंग्रजीतील 'स्टॅट्यूट ऑफ लिमिटेशन्स' या संज्ञेसाठी, म्हणजे खटला भरण्यासाठी कायद्याने घातलेल्या कालमर्यादेसाठी, काय लिहावे. 'कालबाह्य', 'कालबाधित' आणि 'मुदतबाह्य' हे तिन्ही शब्द त्यांना ठिकठिकाणी आढळले आहेत. 'पुढील वर्षी खुनाची मुदत संपते आहे' हे वाक्य चालेल का, अशीही त्यांची शंका आहे.

यांपैकी 'कालबाह्य' प्रथम बाजूला काढावा. जे जुनाट झाले, ज्याचा काळ सरला, ते कालबाह्य. यंत्रे, रूढी आणि कल्पना कालबाह्य होतात. खटला होत नाही. 'कालबाधित' अर्थाने निर्दोष आहे, कारण काळाची बाधा आल्यामुळे जे करता येत नाही ते कालबाधित. मात्र हा शब्द कागदावर जितका दिसतो तितका बोलण्यात येत नाही. 'मुदत' हा अरबी मूळ असलेला शब्द मराठीत पूर्ण मुरलेला आहे. १९६३च्या 'लिमिटेशन अ‍ॅक्ट' या अधिनियमाला वकील मंडळी सरसकट 'मुदतीचा कायदा' म्हणतात आणि दावा 'मुदतीत आहे' किंवा 'मुदतबाह्य आहे' असे सांगतात. म्हणून नियमासाठी 'मुदतमर्यादा' आणि त्याच्या परिणामासाठी 'मुदतबाह्य' ही जोडी मला सर्वांत सोयीची वाटते. हिंदीतून येणारा 'परिसीमा' मात्र टाळावा. मराठीत सहनशक्तीची किंवा निर्लज्जपणाची परिसीमा होते आणि कायद्याच्या मजकुरात तो शब्द वाचकाला भलतीकडेच नेतो.

आता 'खुनाची मुदत' याविषयी. या रचनेत मुदत नेमकी कशाची, हेच हरवते. मुदत असते ती खटला भरण्याच्या अधिकाराला. ती उलटल्यावर गुन्हा पुसला जात नाही, आरोपी निर्दोष ठरत नाही आणि माफीही मिळत नाही; राज्यसंस्थेला त्या कृत्याबद्दल न्यायालयात जाता येत नाही, इतकेच. भारतात १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ने, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ने, न्यायालयाने अपराधाची 'दखल घेण्यावर' मर्यादा घातली आहे, यातही हीच जाण दिसते. केवळ दंडाच्या अपराधाला सहा महिने, एक वर्षापर्यंत कारावासाच्या अपराधाला एक वर्ष आणि एक ते तीन वर्षांच्या कारावासाच्या अपराधाला तीन वर्षे अशी ती मर्यादा आहे. त्याहून गंभीर अपराधांना ती लागूच नाही, त्यामुळे भारतात खुनाचा खटला मुदतबाह्य होण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मराठी वाचकाला ही संज्ञा खुनाच्या संदर्भात अनोळखी वाटते याचे कारण बहुधा हेच असावे, आणि म्हणूनच अनुवादकाने तेथे एखादे अधिक वाक्य खर्ची घालणे योग्य ठरते.

कारण सर्वत्र असे नाही. इंग्लंडमध्ये खुनाला मुदतमर्यादा नाही. फ्रान्समध्ये ती दहा वर्षांची होती आणि २०१७च्या कायद्याने वीस वर्षांची झाली. गुन्हा दडवलेला असेल तर ही मर्यादा तो उघडकीस आल्यापासून मोजतात, मात्र कृत्याच्या दिवसापासून तीस वर्षांच्या पलीकडे जाता येत नाही. बेपत्ता झालेल्या प्रवाशाचा मृतदेह अनेक वर्षांनी सापडतो, तेव्हा या तरतुदीचे महत्त्व कळते. थायलंडमध्ये देहदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या अपराधाला वीस वर्षांची मर्यादा आहे. चीनमध्येही वीसच वर्षे आहेत, पण त्यानंतरही खटला आवश्यक वाटल्यास सर्वोच्च लोक-अभियोग कार्यालयाची मंजुरी घेऊन तो चालवता येतो. जपानमध्ये पंधरा वर्षांची मर्यादा २००५पासून पंचवीस वर्षांची झाली आणि एप्रिल २०१०मध्ये खुनापुरती ती काढूनच टाकण्यात आली. दक्षिण कोरियाने २०१५मध्ये तेच केले.

एवढी विविधता असताना 'मुदत संपली' असे मोघम विधान करणे धोक्याचे आहे, आणि मृत व्यक्ती प्रवासी असेल तर धोका दुप्पट होतो, कारण अशा प्रकरणात एकाहून अधिक देशांचे कायदे लागू होऊ शकतात. खून जेथे झाला त्या देशाला अधिकारक्षेत्र असतेच. शिवाय फ्रान्सच्या दंडसंहितेनुसार परदेशात बळी पडलेली व्यक्ती फ्रेंच नागरिक असेल, तर गंभीर गुन्ह्याबाबत फ्रेंच कायदा लागू होतो. जर्मनीतही, कृत्य घटनास्थळीही दंडनीय असल्यास, तशीच तरतूद आहे. इंग्लंडचा १८६१चा कायदा उलट बाजूने पाहतो. खून करणारा ब्रिटिश असेल, तर खून कोठेही झालेला असो, इंग्लंडमध्ये खटला चालू शकतो. भारताचा सर्वसाधारण नियमही गुन्हेगाराच्या नागरिकत्वावर आधारलेला आहे आणि अशा प्रकरणाची चौकशी किंवा खटला चालवण्यास केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात परदेशी झालेल्या अमेरिकी नागरिकाच्या खुनाबद्दल परकीयावरही खटला भरता येतो, मात्र तो खून सरकारला किंवा नागरी समूहाला धाकात ठेवण्यासाठी, त्यांच्यावर दबाव आणण्यासाठी किंवा सूड उगवण्यासाठी झाला, असे अ‍ॅटर्नी जनरलच्या पातळीवरून प्रमाणित व्हावे लागते. लूटमारीत मारल्या गेलेल्या पर्यटकाला ही तरतूद उपयोगी पडत नाही.

समजा, एका जर्मन प्रवाशाचा खून पोर्तुगालमध्ये झाला आणि कोणावरही संशय निश्चित होऊ शकला नाही. पोर्तुगालमध्ये गंभीर गुन्ह्यांची मर्यादा मुळात पंधरा वर्षांची आहे, तर जर्मनीने खुनाची मर्यादा १९७९मध्येच रद्द केली आहे. सोळाव्या वर्षी 'खटला मुदतबाह्य झाला' असे लिहिले, तर ते लिस्बनपुरते खरे आणि बर्लिनपुरते खोटे ठरू शकते. त्याऐवजी 'पोर्तुगीज कायद्यानुसार हा खटला मुदतबाह्य झाला आहे' असे लिहावे. संशयित तिसऱ्याच देशात असेल, तर प्रत्यार्पणाचा, म्हणजे त्याला खटल्यासाठी दुसऱ्या देशाच्या स्वाधीन करण्याचा, प्रश्न येतो. १९५७च्या युरोपीय प्रत्यार्पण कराराच्या दहाव्या कलमाने, मागणी करणाऱ्या किंवा ज्याच्याकडे मागणी केली त्या, कोणत्याही एका देशाच्या कायद्याने मुदत उलटली असली तरी प्रत्यार्पण नाकारले होते. भारताच्या १९६२च्या प्रत्यार्पण अधिनियमातील कलम ३१ केवळ मागणी करणाऱ्या देशाच्या मुदतीकडे पाहते. म्हणजे 'कोणाच्या कायद्यानुसार' हे शब्द येथेही गाळता येत नाहीत.

प्रश्नात न विचारलेली, पण याच मजकुरात हमखास चुकणारी एक गोष्ट सांगतो. 'खून' आणि 'हत्या' हे शब्द अनुवादात आलटून पालटून वापरले जातात. आपल्या कायद्याच्या भाषेत 'खून' आणि 'सदोष मनुष्यवध' वेगळे आहेत, आणि मुदतमर्यादेच्या संदर्भात हा भेद केवळ शब्दांचा राहत नाही. जर्मनीत खुनाला मर्यादा नाही, परंतु त्याहून कमी दर्जाच्या मनुष्यवधाला साधारणतः वीस वर्षांची आहे. अनेक वर्षांनी आरोपी सापडतो, तेव्हा सारा वाद बहुधा यावरच होतो की, कृत्य यांपैकी कशात बसते. आणि मराठीत दोन्हींसाठी 'हत्या' लिहिले की वाचकाला तो वादच कळेनासा होतो.

मुदतीसोबत येणारी क्रियापदेही नीट निवडावीत. मुदत 'थांबते', तेव्हा अडथळा दूर झाल्यावर उरलेला काळ पुढे मोजला जातो. ती 'खंडित होते', तेव्हा मोजणी पहिल्यापासून सुरू होते. जपानमध्ये गुन्हेगार देशाबाहेर असेल तितका काळ मुदत थांबते, त्यामुळे तेथे खुनाला मर्यादा होती तेव्हा, खून करणारा स्वतःच परदेशी प्रवासी असून मायदेशी परतला असेल, तर त्याची ती वर्षे मोजली जात नसत. मर्यादा 'रद्द होणे' आणि उलटून गेलेली मुदत 'पुन्हा जिवंत होणे' हेही निरनिराळे. जपानच्या २०१०च्या बदलाचा लाभ त्या दिवशी मुदतीत असलेल्या जुन्या प्रकरणांना मिळाला, आधीच मुदतबाह्य झालेल्यांना नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका प्रकरणात, उलटून गेलेली फौजदारी मुदत नव्या कायद्याने जिवंत करणे घटनाबाह्य ठरवले.

'फाइल बंद झाली' हा शब्दप्रयोग तर या संदर्भात वापरूच नये. तपास थांबवणे हा पोलिसांचा निर्णय असतो आणि नवा पुरावा मिळाल्यास तो फिरवता येतो. गुन्हा खरा पण आरोपी अज्ञात, अशा प्रकरणात महाराष्ट्रातील पोलीस 'अ समरी' अहवाल पाठवतात, त्याचाही मुदतीशी काही संबंध नाही.

राहता राहिला 'संपली' हा शब्द. तो चुकीचा नाही, पण मराठीत शिक्षेची मुदत 'भरते', सवलतीची 'संपते' आणि ज्या अवधीत काही करायला हवे होते पण झाले नाही, ती मुदत 'उलटते'. तेव्हा वाचकाचे वाक्य मी असे लिहीन: 'आरोपीचा शोध लागला नाही, तर थायलंडच्या कायद्यानुसार या खुनाचा खटला भरण्याची मुदत पुढील वर्षी उलटेल.'