रिटर्न नील, म्हणजे शून्य असलं तरी भरायचंच का?

मागच्या अंकात कंपनीच्या वार्षिक रिटर्नवर, म्हणजे कंपनीने दरवर्षी सरकारला द्यायच्या माहितीवर, दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यातली चार घेतोय.

प्रश्न : आम्ही दोघा मित्रांनी कळंगुटला टुरिस्टांसाठी स्कूटर बुकिंगचं ॲप काढायचं म्हणून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली. वर्षभर थोडं काम झालं, मग मित्र दुबईला गेला आणि सगळं थंड पडलं. दोन वर्षं रुपयाचा व्यवहार नाही म्हणून काही भरलंही नाही. आता सीए दोन लाखांवर खर्च सांगतो. धंदाच नाही तर रिपोर्ट कसला? आणि कंपनी गोव्यातली आहे, तर गोवा सरकारकडे अर्ज करून माफी मिळेल का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : तुमचा सीए फसवत नाहीये, आधी ते मनातून काढा. धंदा झाला की नाही हा प्रश्न इन्कम टॅक्सवाल्यांचा. कंपनी कायद्याला फक्त एवढंच दिसतं की कंपनी रजिस्टरवर आहे, आणि जोवर ती तिथे आहे तोवर दरवर्षी ऑडिट, एजीएम (वार्षिक सर्वसाधारण सभा) आणि दोन फॉर्म हे चुकत नाही, आकडे सगळे शून्य असले तरी. एजीएम साधारण ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, तिथून ३० दिवसांत हिशेबाचा एओसी-४ आणि ६० दिवसांत वार्षिक रिटर्नचा एमजीटी-७, तुमच्यासारख्या छोट्या कंपनीला एमजीटी-७ए. आपल्याकडे गंमत अशी की हे सगळं नेमकं गणेश चवथीच्या आगेमागे येतं, कोण गणपतीची माटोळी बांधायच्या गडबडीत तर कोण गावी, आणि ऑडिटरच्या सह्या राहून जातात ते थेट दिवाळीनंतर आठवतं.

आता दोन लाख आले कुठून ते बघा. उशीर झाला की प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये, आणि याला वरची मर्यादाच नाही. एका फॉर्मचे वर्षाला ३६,५००, दोन फॉर्मचे ७३,०००. तुमचं पहिलं चुकलेलं वर्ष दोन वर्षं लेट म्हणजे १,४६,०००, दुसरं एक वर्ष लेट म्हणजे ७३,०००, झाले २,१९,०००, वर ऑडिटरची फी वेगळी. बोलता बोलता शंभर-शंभराची माळ होते ती अशी.

पण पैशापेक्षा मला दुसरीच काळजी वाटते. सलग तीन वर्षं फाइलिंग चुकलं की त्या कंपनीचे डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात, आणि दुसऱ्या कंपनीतही नवीन नेमणूक मिळत नाही. २०१७ साली सरकारने असे तीन लाखांवर डायरेक्टर एका फटक्यात बाद केले होते, त्यात भल्याभल्यांची नावं होती ज्यांना आपण कुठल्यातरी कंपनीत डायरेक्टर आहोत हेच आठवत नव्हतं. तुमची दोनच वर्षं झालीत, म्हणजे अजून हातात आहे, तिसरं वर्ष उलटू देऊ नका. आणि दुबईतल्या मित्राला आजच फोन करा, त्याची डिजिटल सही संपलेली असणारच.

माफीचं म्हणाल तर गोवा सरकारचा यात संबंधच नाही. कंपनी कायदा केंद्राचा, पणजीत पाटो भागात जे रजिस्ट्रार ऑफ कंपनीजचं ऑफिस आहे तेही केंद्राचंच, आणि फॉर्म जातात केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर. आमदाराकडे खेपा घालू नका. केंद्र मात्र अधूनमधून सवलत योजना काढतं, २०१८ ला काढली होती, २०२० ला कोविडच्या वेळी फ्रेश स्टार्ट म्हणून काढली होती, तेव्हा पैसे भरण्याआधी सध्या काही चालू आहे का एवढं सीएला विचाराच.

आणि ॲप पुन्हा चालू करायचं नसेल तर कंपनी बंद करून टाका की. एसटीके-२ फॉर्म, फी १०,००० रुपये, पण त्याआधी धंदा थांबला त्या वर्षापर्यंतचे राहिलेले रिटर्न भरायला लागतात आणि कुणाचं देणं शिल्लक नको. पुढेमागे लागेल असं वाटत असेल तर डॉर्मंट, म्हणजे झोपलेल्या कंपनीचा स्टेटस घेता येतो, पण त्यालाही वर्षाला एक एमएससी-३ फॉर्म आहेच. नुसतं विसरून जाणं हा पर्याय कायद्यात नाही.

प्रश्न : माझी एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) आहे, टर्नओव्हर बारा लाख. एलएलपीला ऑडिट नाही म्हणजे काहीच भरायचं नाही असं ऐकलं. खरं का? (वाचक, मडगाव)

उत्तर : अर्धंच खरं. टर्नओव्हर ४० लाखांच्या आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर ऑडिटची सक्ती नाही, पण वार्षिक रिटर्नचा फॉर्म ११ दरवर्षी ३० मे पर्यंत आणि हिशेबाचा फॉर्म ८ हा ३० ऑक्टोबरपर्यंत भरायचाच. मोबाईलमध्ये दोन रिमाइंडर लावा आणि विषय संपवा.

प्रश्न : मी फ्रीलान्स डेव्हलपर, घरूनच काम करतो. अमेरिकन क्लायंटला सोपं जावं म्हणून एका वेबसाइटवरून अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात एलएलसी (तिथली मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढली, मालक मी एकटाच. माझ्या मेहुण्याची एलएलसी कोलोरॅडोत आहे, त्याला दरवर्षी स्टेटला पिरिऑडिक रिपोर्ट द्यावा लागतो. मला तसं काही आलं नाही, पण परवा एक पत्र आलं, ॲन्युअल रिपोर्टसाठी सव्वाशे डॉलर भरा म्हणून. भरू का? (वाचक, फोंडा)

उत्तर : थांबा, भरू नका. आपल्याकडे कंपनी रजिस्टर केंद्राचं, अमेरिकेत उलट, तिथे प्रत्येक स्टेटचं आपलं रजिस्टर आणि आपले नियम. मेहुण्याच्या कोलोरॅडोत वार्षिक पिरिऑडिक रिपोर्ट असतो, फी २५ डॉलर, ऑनलाइन दहा मिनिटांचं काम, त्यात नाव, पत्ता आणि रजिस्टर्ड एजंट (कंपनीच्या वतीने सरकारी कागद घेणारा) बरोबर आहे एवढंच सांगायचं. नोंदणीच्या महिन्याच्या दोन महिने आधीपासून दोन महिने नंतरपर्यंत भरता येतो, नाही भरला तर रेकॉर्डवर आधी नॉनकम्प्लायंट (नियम न पाळणारी) आणि मग डिलिंक्वंट (कसूर करणारी) असा शेरा पडतो, आणि तो शेरा बँक आणि क्लायंट दोघेही बघू शकतात.

डेलावेअरमध्ये मात्र एलएलसीला ॲन्युअल रिपोर्टच नाही. तिथे १ जूनपर्यंत ३०० डॉलरचा सरसकट टॅक्स भरायचा, कमाई झालेली असो नसो, चुकला तर २०० डॉलर दंड आणि महिन्याला दीड टक्का व्याज. तेव्हा तुमच्याकडे आलेलं पत्र बहुतेक कुठल्यातरी खासगी मंडळींचं, सरकारी दिसेल असं छापलेलं. असली पत्रं नवीन कंपन्यांना भरपूर येतात, खाली बारीक अक्षरात आम्ही सरकारी नाही असं लिहिलेलंही असतं बऱ्याचदा, भिंग घेऊन बघा.

पण तुम्ही न विचारलेलं सांगतो, कारण खरा खड्डा तिथे आहे. परदेशी माणसाची एकट्याची एलएलसी असेल तर अमेरिकेच्या आयआरएसला, म्हणजे तिथल्या टॅक्स खात्याला, परदेशी मालकाशी झालेल्या व्यवहारांचा फॉर्म ५४७२ जातो, टॅक्स शून्य असला तरी, आणि तो चुकवल्याचा दंड २५,००० डॉलर आहे, एलएलसी काढून देणाऱ्या वेबसाइटा हे मोठ्या अक्षरात कधी सांगत नाहीत. इकडे इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं शेड्युल एफए भरायचं, आणि एलएलसीत टाकलेले पैसे रिझर्व्ह बँकेच्या ओडीआय, म्हणजे परदेशातल्या गुंतवणुकीच्या नियमात बसतात, त्याचा वार्षिक रिपोर्ट ३१ डिसेंबरपर्यंत बँकेमार्फत. यातलं काही केलेलं नसेल तर घाबरून गप्प बसू नका, फेमाची, म्हणजे परकीय चलन कायद्याची कामं करणारा सीए गाठा, नेहमीचा जीएसटीवाला नव्हे.

प्रश्न : आमचं गावचं सांस्कृतिक मंडळ सोसायटी म्हणून रजिस्टर आहे. शिगम्याच्या वर्गणीचं खातं चालवायला बँक नव्या कमिटीची सर्टिफाइड यादी मागते. जुने सेक्रेटरी म्हणतात दरवर्षी काही द्यायचं नसतं. (वाचक, डिचोली)

उत्तर : सेक्रेटरीबाबांना नमस्कार सांगा आणि सोसायटी रजिस्ट्रेशन कायदा, १८६० चं कलम ४ दाखवा. वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत कमिटीतल्या सगळ्यांची नावं, पत्ते आणि व्यवसाय यांची यादी राज्य सरकारच्या रजिस्ट्रारकडे द्यायची असते, आणि नियमात वार्षिक सभाच नसेल तर जानेवारीत. म्हणजे बघा, म्हापशाचे वाचक राज्य सरकारकडे जायला निघाले होते तिथे त्यांचं काम नव्हतं, आणि तुमचं आहे. राहिलेल्या वर्षांच्या याद्या सभेच्या इतिवृत्ताच्या प्रतींसकट एकत्र न्या. इतिवृत्ताची वहीच सापडत नसेल, आणि मंडळांत ती बहुतेक वेळा जुन्या खजिनदाराच्या कपाटात पेट्रोमॅक्सच्या मागे असते, तर आधी ती शोधा.