लैंगिक अत्याचाराचा आरोप असलेल्या माणसाचं नाव गुन्हा सिद्ध होण्याआधी जाहीर करावं का?

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिकवणीच्या सरांचं नाव आणि फोटो फिरतोय, तो पुढे पाठवावा का, हा पहिला. आणि दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष मानायचा असतो, मग आरोप झाल्या झाल्या नाव जाहीर करणं अन्याय नाही का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर: पाठवू नका. का, ते पुढे येईलच. दुसऱ्यावरून मी एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर बसून नोकरीभर भांडले आहे, त्यामुळे थोडक्यात आटोपणार नाही.

कायदा आधी उरकते. पीडितेची ओळख उघड करायला बंदी आहे. पूर्वीचं भारतीय दंड विधानाचं कलम २२८-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, दोन वर्षांपर्यंत कैद. सज्ञान आरोपीच्या नावाला अशी सरसकट बंदी नाही. लोक या दोन्हींची गल्लत करतात, आणि ज्यांच्या सोयीचं असतं ते मुद्दाम करतात. अपवाद दोन. आरोपी अठराच्या आतला असेल तर त्याचंही नाव आणि फोटो छापता येत नाही. आणि कामाच्या ठिकाणच्या छळाची तक्रार अंतर्गत समितीपुढे असेल, तर २०१३च्या कायद्याचं कलम १६ तक्रार करणारी, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो आणि साक्षीदार, सगळ्यांचीच नावं झाकतं.

राहिलं ते ‘निर्दोष मानणं’. ते बंधन न्यायाधीशावर आहे. गुन्हा सिद्ध करायचा सरकार पक्षाने, शंका उरली तर तिचा फायदा आरोपीला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मनात काय धरावं, यावर ते काही बोलत नाही. आणि कोर्टातसुद्धा त्याला मुरड घातलेली आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला आठवा. नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना शिक्षा दिली, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं, अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या म्हणून. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला: पोलीस कोठडीत संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने ते खरं धरायचं. पीडितेचं नाव छापायला बंदीही त्याच दुरुस्तीने आली. तरी आजही तो खटला लोकांना मुलीच्या नावाने माहीत आहे, पोलिसांच्या नाही.

आता माझं. गाव सांगत नाही. पश्चिम महाराष्ट्रातलं जिल्ह्याचं ठिकाण, भोवती साखर कारखाने, शहरात तीन मोठ्या शिक्षणसंस्था. आमच्या पेपरात एकाच आठवड्यात दोन बातम्या आल्या. पहिली एका रिक्षावाल्याची. रात्री स्टँडवरून बसलेल्या बाईवर त्याने अत्याचार केल्याचा आरोप. त्याचं पूर्ण नाव, बापाचं नाव, वय, झोपडपट्टीचं नाव आणि तीन कॉलमी फोटो, दोन हवालदारांच्या मध्ये उभा, तोंडावर बुरखा नाही. दुसरी एका संस्थेच्या सचिवाची. एका शिक्षणसेविकेने फिर्याद दिली होती. ठाणं तेच, कलमं जवळपास तीच. ती छापून आली पान पाचवर, एका कॉलमात: ‘नामांकित शिक्षणसंस्थेच्या पदाधिकाऱ्यावर गुन्हा’.

मी वृत्तसंपादकांना विचारलं, “सर, सचिवांचं नाव राहिलं.”

“राहिलं नाही, मीच काढलं. अगं, नुसता आरोप आहे. उद्या सुटला तर? माणसाची अब्रू असते.”

“रिक्षावाल्याची नसते?”

“त्याचं नाव पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये आहे.”

“यांचंही आहे. एकाच कागदावर आहे.”

“पान सोडायची वेळ झालीय. वाद उद्या घाल.”

जूनमध्ये त्या संस्थेची प्रवेशाची पानभर जाहिरात असे आणि अध्यक्षांच्या वाढदिवसाला चार पानी पुरवणी. सरांनी तसं म्हटलं नाही, म्हणायची गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मजा झाली. नाव नाही म्हटल्यावर अख्ख्या गावाने आपापला पदाधिकारी निवडला. उरलेल्या दोन संस्थांच्या लोकांचे फोन सुरू झाले, ‘तो आमचा नव्हे असा खुलासा छापा’. एका संस्थेचे खजिनदार, साधे निवृत्त मुख्याध्यापक, त्यांनी सकाळचं फिरणं बंद केलं, कारण बागेत लोक त्यांच्याकडे बघून गप्प व्हायचे. नाव झाकलं की अब्रू वाचते म्हणणाऱ्यांनी कोणाची वाचते तेही सांगावं. आणि दोन बायकांनी आमच्या क्राइम रिपोर्टरला स्वतःहून फोन केला: “तो तोच का?” त्याने नियम म्हणून सांगितलं नाही. त्या परत आल्या नाहीत. त्यांच्याकडे काय होतं ते कळायचा रस्ताच आम्ही बंद केला होता.

हे दिल्लीत उघडपणे घडलेलं आहे. पत्रकार प्रिया रमाणी यांनी २०१७ मध्ये एका संपादकाचा अनुभव लिहिला, नावाशिवाय. काही हललं नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी तो माणूस एम. जे. अकबर असल्याचं सांगितलं, आणि मग एकामागून एक बायका बोलल्या. अकबरांनी आरोप नाकारले, पण तेव्हा हातात असलेलं केंद्रातलं मंत्रिपद सोडावं लागलं. त्यांनी अब्रुनुकसानीचा फौजदारी दावा लावला, तो १७ फेब्रुवारी २०२१ रोजी फेटाळला गेला. अब्रूच्या हक्कासाठी बाईच्या सन्मानाच्या हक्काचा बळी देता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. (अकबर त्यावर अपिलात गेले, हेही लिहून ठेवते, नाहीतर खाली कोणीतरी लिहीलच.)

रिक्षावाल्याचं काय झालं ते ऐका, कारण नाव आणि फोटो यांत फरक का करायचा ते त्यातून कळतं. आरोपी अनोळखी असेल तर तुरुंगात ओळख परेड होते. त्याच वयाची, त्याच चणीची माणसं रांगेत उभी करतात आणि फिर्यादीने त्यांतून ओळखायचं. कोर्टात नेताना तोंडावर बुरखा घालतात तो त्यासाठी, लाज झाकायला नव्हे. आमचा फोटो परेडच्या आधी छापून आला होता. आरोपीच्या वकिलाने अंकच न्यायाधीशांसमोर ठेवला: बाईंनी माणूस ओळखला की पेपरातला फोटो? परेडचा पुरावा गेला आणि दुसरं फारसं काही नव्हतं. संशयाचा फायदा मिळून तो सुटला. त्याने केलं होतं की नव्हतं, मला माहीत नाही. आता कोणालाच कळणार नाही. त्या बाईला न्याय मिळाला नाही, आणि तो निर्दोष असेल तर त्यालाही मिळाला नाही.

निकालानंतर त्याची बायको ऑफिसात आली. हातात जुनं कात्रण, घडीवर फाटलेलं. मला वाटलं, म्हणेल तेवढाच मोठा फोटो परत छापा. ती म्हणाली, “सुटले म्हणून छापा, मॅडम. पण नाव नका घालू.” का, तर ते दुसऱ्या पेठेत राहायला गेले होते, पोरगी नव्या शाळेत होती, तिथे कोणाला माहीत नव्हतं. “नाव आलं की परत आठवंल लोकांना.” मी बातमी लिहिली, नावाशिवाय, एक कॉलम. सरांनी ती परत पाठवली. म्हणाले, नावाशिवाय बातमी होत नाही!

सचिवांची बातमी ज्यांनी नावाशिवाय केली होती, त्यांनी हे सांगितलं. त्या दिवशी मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बातमी आलीच नाही. तिला काय सांगायचं ते मलाच सांगावं लागलं.

सचिवांचा खटला उभा राहिला तोवर शिक्षणसेविकेची बदली संस्थेच्या डोंगरातल्या शाखेत झाली होती. साक्षीत ती फिरली. पुढच्या वर्षी सचिवांचा जीवनगौरव झाला आणि तेव्हा मात्र आम्ही नाव छापलं. फोटोसह.

म्हणून माझं मत असं, आणि ते सरांना पटलेलं नाही. नाव छापायचं, पण दोषारोपपत्र दाखल झाल्यावर. म्हणजे निदान तपास होऊन पुरावा कागदावर आलेला असतो. तोवर सगळेच ‘संशयित’, सचिवही आणि रिक्षावालाही. परेड व्हायची असेल तर फोटो अजिबात नाही. आणि ज्या पानावर, ज्या आकारात आरोप छापला तिथेच सुटका छापायची, नाव घालायचं की नाही ते सुटलेल्याला विचारून. इंग्लंडने १९७६ मध्ये बलात्काराच्या आरोपीचंही नाव झाकायचा कायदा केला होता, १९८८ मध्ये तो काढून टाकला. आयर्लंडमध्ये दोष सिद्ध होईपर्यंत अजूनही झाकतात. म्हणजे शहाण्या देशांचंही यावर एकमत नाही, तेव्हा ‘जगात सगळीकडे असंच असतं’ हे कोणी सांगायला लागलं तर ऐकू नका.

नाव लगेच सांगून टाका म्हणणाऱ्यांना हैदराबाद आठवत नाही. नोव्हेंबर २०१९च्या अखेरीस एका तरुणीच्या बलात्कार आणि खुनातल्या चार आरोपींचे चेहरे देशभर दाखवले, आठवड्याभरात पोलिसांनी त्यांना चकमकीत मारलं, लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. आपल्याच नागपूर खंडपीठात वकिली केलेले न्या. विकास सिरपूरकर यांच्या चौकशी आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं की चकमक बनावट होती आणि चौघांतले तिघे अल्पवयीन होते. ज्यांचं नावही छापायला कायद्याने मनाई, त्यांचे फोटो आपण मोबाइलवर फिरवले होते. बदलापूरच्या शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या आरोपीच्या घराची मोडतोड झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये तो पोलिसांच्या गोळीने मेला आणि दफनाला जागा मिळावी म्हणून बापाला उच्च न्यायालयात जावं लागलं. त्याने काय केलं होतं ते आता साक्षीपुराव्याने कधीच ठरणार नाही, आणि त्या मुलींच्या आईवडिलांना निकालही मिळणार नाही.

सर आता निवृत्त आहेत आणि जुन्या पत्रकारांच्या ग्रुपवर रोज ‘मीडिया ट्रायल’विरुद्ध लिहितात. त्यांचा आवडता आकडा: बलात्काराच्या खटल्यांत शिक्षा तीस टक्क्यांनाही होत नाही, म्हणजे सत्तर टक्के खोट्या केसेस. २०१९ चा अधिकृत आकडा २७.८ टक्के आहे, तेवढं बरोबर. पण सुटका म्हणजे खोटी फिर्याद नव्हे. फितूर साक्षीदार, वर्षानुवर्षांच्या तारखा, बिघडवलेली परेड, डोंगरातली बदली, हे सगळं त्या सत्तरात आहे. त्यातलं निदान एक आमच्या डेस्कवर तयार झालं, सर, तुम्हीच लावलेल्या पानावर.

आता तुमच्या ग्रुपकडे येते. राष्ट्रीय गुन्हे नोंदीत बहुतेक वर्षी नव्वद टक्क्यांहून जास्त बलात्कारांत आरोपी ओळखीचाच असतो. त्यामुळे त्याचं नाव बऱ्याचदा तिचा पत्ता असतो. सावत्र बाप, काका, शिकवणीचे सर, एवढं कळलं की गल्लीला मुलगी कळते. गोव्यात सहकारी महिलेवरच्या अत्याचाराच्या खटल्यात ‘तहलका’चे माजी संपादक तरुण तेजपाल यांना २०२१ मध्ये निर्दोष सोडणाऱ्या निकालपत्रातच तक्रारदाराची ओळख पटेल असे तपशील राहिले होते आणि उच्च न्यायालयाला ते काढायला सांगावे लागले. सत्र न्यायालयाकडून सुटतं तिथे तुमच्या ग्रुपचं काय. त्या सरांकडे तुमच्या इमारतीतल्या किती मुली जातात? त्यांतली कोणती परवापासून शाळेत गेली नाही? बस, एवढंच पुरतं. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम २३ खाली मुलाची ओळख माध्यमांतून उघड होणं हाही गुन्हा आहे. ज्यांची मुलं तिथे जातात त्या आईवडिलांना घरी जाऊन तोंडी सांगा, ॲडमिनला पोस्ट काढायला लावा. कोणी ‘अशांची नावं का लपवायची’ म्हणालं, तर सोसायटीच्या चेअरमनवर हाच आरोप असता तर त्यांचा फोटो टाकला असतास का, हे ग्रुपवरच विचारा.

मी वकील नाही. खोट्या फिर्यादीही असतात, एक मी स्वतः जवळून पाहिली आहे, जमिनीच्या भांडणातून आलेली, त्यामुळे तुमचे सर दोषी आहेत असं मी म्हणत नाहीये. पण एखाद्या मुलाने तुम्हाला स्वतः काही सांगितलं असेल, तर गप्प बसायची मुभा पॉक्सोमध्ये नाही. पोलिसांना कळवावंच लागतं. चाइल्डलाइनचा नंबर १०९८.