सीओपीडी या फुफ्फुसांच्या दीर्घकालीन आजाराचा त्रास वाढल्यावर रुग्णालयात योग्य उपचार होत आहेत, हे कसे ओळखावे?

यंत्रमागावर आयुष्य गेलेल्या आपल्या वडिलांच्या रक्तातील ऑक्सिजन सोलापूरच्या रुग्णालयात ९० टक्क्यांवरच ठेवला, हा हलगर्जीपणा नाही का, असे आपण विचारले आहे. नाही, सीओपीडीत ८८ ते ९२ टक्के हेच लक्ष्य असते, कारण त्याहून अधिक ऑक्सिजन दिल्यास काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येते. मार्गदर्शक तत्त्वे पाळण्यात कसूर होते ती बहुधा इतरत्र: ‘गोल्ड’ या सीओपीडीवरील जागतिक तज्ज्ञगटाच्या शिफारशीनुसार प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज ४० मिलिग्रॅम ५ दिवस सहसा पुरेसे असताना ते लांबवले जाते. इन्हेलर ओढण्याची रीत तपासण्याकडे तर, माझ्या मते, सर्वाधिक दुर्लक्ष होते; म्हणून डिस्चार्जपूर्वी वडिलांना नर्ससमोर तो ओढून दाखवायला सांगावे आणि महिन्याच्या आतली फेरतपासणीची तारीख कार्डावर लिहून घ्यावी.