चोराच्या ईमेलमध्ये शिरायचं का?

प्रश्न: शेअर ट्रेडिंगच्या बनावट अ‍ॅपमध्ये तीन वेळा मिळून ४ लाख ८० हजार भरले. अकरा दिवस झाले, बदनामीच्या भीतीनं तक्रार केली नाही. भाच्यानं त्या टोळीच्या ईमेलचा पासवर्ड मिळवलाय. आत शिरून पैसे परत वळवावेत का? आणि ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचा फोटो, नंबर सगळ्या ग्रुपवर टाकावा का?

उत्तर: दोन्हींना नाही. भाच्याला आत्ताच थांबवा. एकदा शिरला असेल तर पुन्हा शिरू नये, तिथलं काही पुसू नये.

‘पैसे आपलेच, मग गुन्हा कसला?’ असं बरेच जण विचारतात. मालमत्तेसाठी स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण भारतीय न्याय संहितेचं कलम ३५ तो चारच गुन्ह्यांविरुद्ध देतं: चोरी, जबरी चोरी, आगळीक (मालमत्तेचं मुद्दाम नुकसान) आणि फौजदारीपात्र अतिक्रमण. तुमच्याशी झाली ती फसवणूक. ती या यादीत नाही. त्यातून कलम ३७ सांगतं की सरकारी यंत्रणेकडे जायला वेळ असेल तर हा हक्क उरतच नाही. तुमच्याकडे अकरा दिवस होते.

माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचं कलम ४३ दुसऱ्याच्या संगणक यंत्रणेत परवानगीशिवाय शिरण्याबद्दल आहे. मालक चोर असेल तर परवानगी नको, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. कलम ६६ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यासाठी हेतू अप्रामाणिक किंवा कपटी असावा लागतो. तुमचा तसा नव्हता असा युक्तिवाद करता येईल. तो टिकेलच असं मी म्हणणार नाही. आणि तो करायची वेळ येईल तेव्हा भाचा आरोपी असेल.

आता पैशांचं. अशा खात्याचा उतारा बघा: सकाळी दीड लाख जमा, पाऊण तासात ते चार खात्यांत वाटलेले, दुपारी दुसऱ्याच कुणाचे साठ हजार जमा. आज त्या खात्यातून जे ओढाल ते तुमचे नसण्याचीच शक्यता जास्त. ते कुणा निवृत्त माणसाच्या फंडाचे असतील. त्यानं तक्रार केली की पोलीस पैशाचा माग काढत तुमच्या खात्यापर्यंत येतील आणि तेच गोठवतील.

फोटोचंही तसंच. खातेदार बहुतेकदा चार-पाच हजारांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम भाड्यानं दिलेला पोरगा असतो. कधी तर खातं चोरीच्या कागदपत्रांवर उघडलेलं असतं. तो दोषी आहे की नाही हे तुम्हाला माहीत नाही. बदनामीचा, न्याय संहितेच्या कलम ३५६ चा दावा तुमच्यावर येईल आणि टोळी सावध होईल ते वेगळंच.

आज करायचं ते हे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. तिन्ही व्यवहारांचे यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराचा बँकेचा संदर्भ क्रमांक; आयएमपीएस, यूपीआयचा बारा अंकी असतो), तारीख, रक्कम आणि समोरचं खातं हाताशी ठेवा. बँकेला लेखी कळवा, पोच घ्या. तीन कामकाजी दिवसांत कळवलं की ग्राहकाची जबाबदारी शून्य, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम तुम्ही वाचला असेल. तो अनधिकृत व्यवहारांसाठी आहे. तुम्ही पैसे स्वतः पाठवलेत, म्हणून त्यावर विसंबू नका. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर ऐकून पोलीस ठाण्यातून परतू नका; भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द नसली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते.

काही रक्कम गोठलेली सापडली तर दंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करा. तपास अधिकाऱ्याचं म्हणणं येईपर्यंत तारखा पडतात. पैसा कुणाचा हे यूटीआरवरून स्पष्ट असताना फसलेल्या माणसाला महिनोन्‌महिने ताटकळत ठेवणं मला अन्याय वाटतो, पण अर्ज टाळू नका.

फोन रिसेट करू नका, चॅट पुसू नका. हा डिजिटल पुरावा कोर्टात द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, त्यात हॅश मूल्य (फाइल बदलली की बदलणारा, तिच्या ठशासारखा आकडा) नोंदवतात. टोळीच्या ईमेलच्या लॉगमध्ये, म्हणजे कोण कधी शिरलं याच्या नोंदीत, तुमच्या घरच्या इंटरनेटचा पत्ता (आयपी) दिसला, तर पुरावा तुम्हीच बदलला असं आरोपीचा वकील म्हणेल.

भाच्याच्या हाती जे लागलंय ते तपासाला उपयोगी पडू शकतं. आधी त्याला घेऊन जवळच्या फौजदारी वकिलाला भेटा, मग तपास अधिकाऱ्याला लेखी द्या. ते कसं मिळालं याबद्दल तक्रारीत खोटं लिहू नका.