4 दिवसांपूर्वी नवीन आणलेला कॉकटेल पोपट हात जवळ नेला की फिसकारतो, त्याला माणसाळवायचं कसं?

4 दिवसच झालेत ना, मग टेन्शन घेऊ नका, तो चिडका नाहीये, भेदरलाय. पहिला आठवडा हात पिंजऱ्यात फक्त दाणापाणी बदलायला घाला, बाकी वेळ नुसतं शेजारी बसून हळू आवाजात काहीही बोलत रहा, मी तर पाढे म्हणायचो आणि घरचे हसायचे. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला टेकवा म्हणजे त्याला पाठीमागून सेफ वाटतं, आणि किचनमध्ये अजिबात ठेवू नका, नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मरतात, हे खरंच सिरियसली घ्या.

मग राळ्याचं कणीस आणा. आधी जाळीतून भरवा, मग दार उघडून, मग तळहातावर. तुऱ्याकडे लक्ष ठेवायचं. तुरा डोक्याला चपटा चिकटवून फिसकारला तर हात तिथंच थांबवा, तो शांत झाला की सावकाश मागे घ्या, झटक्यात ओढलात तर फिसकारलं की हात पळतो हे तो लगेच शिकतो 😄 तुरा सैल अर्धवट असेल तर स्वारी निवांत आहे. आमच्या पठ्ठ्याला बोटावर यायला दीड महिना लागला.

रात्री 10-12 तास झोप हवी, पण झीरोचा बल्ब चालू ठेवा, गुडुप अंधारात कॉकटेल दचकून फडफडतात आणि पंख दुखावून घेतात.

आणि हो, कोणी जोडीला देशी मिठू देतो म्हणालं तर घेऊ नका, 1972 च्या वन्यजीव कायद्यात तो पाळायला बंदी आहे.