शिलाई मशीन की नळजोडणी?

ताई, तुमच्या महिला मंडळाकडे थोडा निधी जमलाय. त्यातून वस्तीतल्या बायकांना शिलाई मशीन द्यावीत की नळ-गटारासाठी खर्चावा, असं विचारलंत. माझं मत ठाम आहे: आधी घरात नळ, संडास आणि दारातून वाहून जाणारं गटार.

सांगलीतल्या वस्तीतली बाई कामाला जाते कुठे? द्राक्षबागेत, बेदाण्याच्या शेडवर, हळदीच्या गोदामात, नाहीतर कुपवाडच्या एमआयडीसीत. मजुरांचा टेम्पो सकाळी लवकर निघतो आणि सार्वजनिक नळाला पाणी त्याच वेळी आलं, की रोज तिढा पडतो. रांगेत थांबली तर हजेरी बुडते, कामावर गेली तर थोरल्या मुलीची शाळा बुडते. त्यात गटार तुंबून पोरं जुलाबाने आजारी पडली की दवाखाना आणि उधारी. मशीन घरात आल्याने यातलं काहीच सुटत नाही.

अहमदाबादमध्ये १९९५ च्या सुमाराला वस्त्यांसाठी ‘परिवर्तन’ योजना सुरू झाली. प्रत्येक कुटुंबाने २,००० रुपये घातले, ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेच्या बँकेने बायकांना त्यासाठी बचतीची आणि कर्जाची सोय करून दिली आणि घरोघरी नळ, संडास, गटार आलं. दहा वर्षं वस्ती हलवणार नाही, अशी हमीही महापालिकेने दिली. मला ती हमी पाइपांइतकीच मोलाची वाटते. उद्या घर पाडणार असतील तर पदरचे पैसे जमिनीत कोण पुरेल? कराचीच्या ओरंगी या वस्तीत तर १९८० पासून, समाजकार्यकर्ते अख्तर हमीद खान यांच्या पुढाकाराने, गल्लीतल्या लोकांनी स्वतःच पैसे काढून सांडपाण्याचे पाइप टाकले. गल्लीतलं काम लोकांचं, पुढची मोठी वाहिनी सरकारची, अशी ती वाटणी होती.

म्हणून निधी वाटून टाकू नका, फिरता ठेवा. नळजोडणीची अनामत, प्लंबर, खोदाई हा एकरकमी खर्चच हातावर पोट असलेल्याला झेपत नाही. तो मंडळाने भरावा, घराने हप्त्याने फेडावा, मग पुढच्या गल्लीला द्यावा. मुख्य वाहिनी मात्र महापालिकेकडूनच करून घ्या, तिथे निधीतला एक रुपयाही घालू नका.

नगरसेवक आधी रस्ता देऊ करतील. तो घेऊ नका. आधी पाइप, मग चेंबर, शेवटी रस्ता. नाहीतर रस्ता पुन्हा उकरला जातो, आणि दर डांबरीकरणाला तो उंच होत घरं खड्ड्यात जातात. शामरावनगरसारख्या सखल, काळ्या मातीच्या भागात पावसाळ्यात काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. पाण्याचा उतार आणि घरांच्या जोत्याची पातळी मोजल्याशिवाय पेव्हर ब्लॉकसुद्धा बसवू देऊ नका.

सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर यांची गोष्ट वेगळी. कृष्णा चढली की तिथली घरं पहिली पाण्यात जातात. २०१९ च्या महापुरात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे पुनर्वसनच मागावं लागेल, पण कामापासून लांब नको. शहराबाहेर घर दिलं तर मजुरी रिक्षाभाड्यात जाते.

‘जागा आमच्या नावावर नाही’ म्हणून कुणी अर्ज परत केला तर मुंबई उच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१४ च्या निकालाचा दाखला द्या. झोपडपट्टीतल्या पाण्यासाठी लढणाऱ्या मुंबईच्या पाणी हक्क समितीच्या त्या प्रकरणात, झोपडी बेकायदा असली तरी पाणी नाकारता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलंय. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि एकेकटीने न जाता अख्ख्या गल्लीचे अर्ज एकाच दिवशी नेऊन द्या.