आरोग्य प्रश्नोत्तरे : ॲक्रोमेगलीची गाठ काढल्यानंतर

प्रश्न : माझे यजमान ५१ वर्षांचे आहेत. काही वर्षांपासून त्यांची अंगठी आणि चपला घट्ट होत होत्या, जबडा पुढे आला होता आणि आवाज घोगरा झाला होता. पण वयाचा आणि वाढत्या वजनाचा परिणाम म्हणून आम्ही तिकडे लक्ष दिले नाही. अखेर दातांत पडलेल्या फटी पाहून दंतवैद्यांना शंका आली आणि ॲक्रोमेगलीचे (वाढीचे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, जास्त झाल्याने हात, पाय व चेहरा वाढण्याच्या आजाराचे) निदान झाले. दोन वर्षांपूर्वी नाकावाटे शस्त्रक्रिया करून मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतील गाठ काढली. हाताची व चेहऱ्याची सूज उतरली, घाम कमी झाला, त्यामुळे ‘आता मी बरा आहे’ असे ते म्हणतात. मात्र गुडघे दुखतात, घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो आणि रक्तातील आयजीएफ-१ हे संप्रेरक अजूनही मर्यादेपेक्षा थोडे जास्त आहे. डॉक्टरांनी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), स्लीप स्टडी (झोपेतील श्वासाची तपासणी), कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) आणि मणक्याचा एक्स-रे सांगितला आहे. गाठ गेली असताना एवढ्या तपासण्या कशासाठी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे आणि यजमानांनी तो मनावर घ्यावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. या आजारात पिट्युटरीतील गाठ वाढीचे संप्रेरक जास्त प्रमाणात तयार करते, त्याच्या प्रभावाने यकृतातून आयजीएफ-१ जास्त स्रवते आणि ही दोन्ही संप्रेरके हाडे, कूर्चा, हृदय, आतडे, घसा अशा बहुतेक सर्व अवयवांवर काम करतात. बदल इतके हळू होतात, की निदानाला पाच ते दहा वर्षे लागणे हे या आजारात नेहमीचेच आहे, आणि त्या काळात अवयवांत झालेले सगळेच बदल गाठ काढल्याने मागे फिरत नाहीत. त्वचेची आणि मऊ भागांची सूज काही आठवड्यांतच उतरू लागते, म्हणून रुग्णाला मोकळे वाटते. पण वाढलेले हाड होते तसेच राहते. त्यामुळे आजार अजून सक्रिय आहे का आणि त्याने मागे काय ठेवले आहे, हे दोन्ही स्वतंत्रपणे तपासावे लागते. बरे वाटण्यावरून यांपैकी एकाचाही अंदाज येत नाही.

सक्रियतेचे उत्तर आपल्या पत्रातच आहे. शस्त्रक्रियेला दोन वर्षे होऊनही आयजीएफ-१ जास्त असेल, तर गाठीचा काही अंश शिल्लक असण्याची शक्यता आहे. त्याच प्रयोगशाळेत, वयानुसार ठरवलेल्या मर्यादेशी ताडून, ही तपासणी पुन्हा करावी. आकडा तरीही जास्त आला, तर एमआरआय करून पुढील उपचार ठरवावे लागतील. वाढ किरकोळ असेल तर कॅबरगोलिनच्या गोळ्या, नाहीतर ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइड यांची महिन्याकाठी दिली जाणारी इंजेक्शने, आणि काहींना पुन्हा शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार. ‘थोडेच जास्त आहे’ म्हणून हा विषय सोडून देऊ नये, कारण संप्रेरके आटोक्यात नसलेल्या रुग्णांचे आयुर्मान घटते, आणि ती आटोक्यात आली की ते इतरांच्या बरोबरीला येते.

सांगितलेल्या तपासण्यांपैकी स्लीप स्टडी मी सर्वांत आधी करायला सांगेन. या आजारात जीभ आणि घशातील ऊती जाड होतात, झोपेत श्वासमार्ग बंद पडतो आणि रक्तातील प्राणवायू रात्रभर वर-खाली होत राहतो. निम्म्याहून अधिक रुग्णांत हे आढळते, आणि शस्त्रक्रियेनंतर सुधारणा झाली तरी प्रत्येक रुग्णात ते पूर्णपणे जातेच असे नाही. आपण स्वतः श्वास थांबताना पाहिला आहे, तेव्हा शंकेला फारसा वाव नाही. या विकाराने रक्तदाब वाढतो, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि दिवसा गाडी चालवताना डुलकी लागण्याचा धोका असतो. उपाय मात्र उपलब्ध आहे : झोपताना मास्क लावून हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र. कोलोनोस्कोपीसाठी गुंगीचे औषध देणार असतील, तर भूलतज्ज्ञांना घोरण्याविषयी आणि ॲक्रोमेगलीविषयी आधीच सांगावे, कारण अशा रुग्णांचा श्वासमार्ग हाताळणे कठीण जाऊ शकते.

टूडी इको हृदयासाठी आहे. हृदयाचे स्नायू जाड होतात, प्रथम ते नीट सैलावत नाहीत आणि पुढे काहींच्या झडपांतून रक्त मागे गळू लागते. रक्तदाब सुमारे एक तृतीयांश रुग्णांत वाढलेला असतो. वाढीचे संप्रेरक इन्सुलिनच्या विरुद्ध काम करत असल्याने साखर आणि एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारी चाचणी) यांचीही तपासणी नियमितपणे व्हावी.

मणक्याच्या एक्स-रेचे कारण फारसे कुणी समजावून सांगत नाही. या आजारात हाडांच्या घनतेची तपासणी सामान्य आली तरी मणके दबून मोडलेले असू शकतात, आणि कित्येकदा त्याची वेदनाही जाणवत नाही. केवळ उंची कमी झालेली दिसते. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी असेल तर हा धोका वाढतो, म्हणून तेही तपासून घ्यावे. गुडघ्यांच्या बाबतीत मी खोटी आशा देणार नाही. आधी कूर्चा जाड होते, मग ती ओबडधोबड झिजते, आणि ही झीज भरून येत नाही. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजनावर नियंत्रण आणि फिजिओथेरपी यांनी वेदना खूपच सुसह्य होते. वेदनाशामक गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने रोज घेऊ नयेत, त्यांनी रक्तदाब आणि मूत्रपिंडे बिघडतात.

कोलोनोस्कोपी मोठ्या आतड्यातील पॉलिपसाठी, म्हणजे आतील अस्तरावर उगवणाऱ्या लहान गाठींसाठी असते, कारण ते या रुग्णांत अधिक आढळतात आणि त्यांतील काहींचे रूपांतर पुढे कर्करोगात होऊ शकते. आतडेही लांब आणि वळणावळणाचे झालेले असते, त्यामुळे पोट साफ करण्याची तयारी काटेकोरपणे करावी. पॉलिप सापडले किंवा आयजीएफ-१ वाढलेलेच राहिले, तर साधारण पाच वर्षांनी ही तपासणी पुन्हा करतात. एरवी दहा वर्षांनी.

प्रश्न : माझ्या वडिलांना याच शस्त्रक्रियेनंतर हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या चालू आहेत. स्टेरॉइड शरीराला वाईट, असे नातेवाईक सांगतात. त्या बंद कराव्यात का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : कृपया बंद करू नका. पिट्युटरीला इजा झाली की कॉर्टिसोल या जीवनावश्यक संप्रेरकाची निर्मिती अपुरी पडू शकते. ती उणीव भरून काढण्यापुरताच हा डोस असतो. दमा किंवा संधिवातासाठी मोठ्या डोसमध्ये दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडशी त्याची तुलना करू नये. गोळी अचानक थांबल्यास रक्तदाब एकदम खाली जाऊन रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. ताप असताना डोस सहसा दुप्पट करावा लागतो, त्याविषयी आपल्या डॉक्टरांकडून आत्ताच लेखी सूचना घेऊन ठेवा. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल, तर तातडीने रुग्णालय गाठून हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन घ्यावे लागते. वडिलांच्या खिशात या औषधाची चिठ्ठी कायम असावी. काही रुग्णांत ग्रंथीचे काम पूर्ववत होते आणि गोळी सुटते, पण तो निर्णय सकाळच्या कॉर्टिसोलची तपासणी पाहून डॉक्टरच घेतील.

प्रश्न : आईला ॲक्रोमेगली आहे. मला आणि भावाला होईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बहुधा नाही. बहुतांश रुग्णांत हा आजार घराण्यात पूर्वी कुणाला नसताना होतो आणि पुढच्या पिढीत जात नाही. आईचे निदान तरुण वयात झाले असेल, नात्यात आणखी कुणाला पिट्युटरीची गाठ असेल किंवा रक्तातील कॅल्शियम वाढण्याचा विकार असेल, तर मात्र जनुकीय तपासणीबद्दल तिच्या अंतःस्राव तज्ज्ञांना विचारावे. यांपैकी काही नसेल, तर तुम्हा भावंडांना कोणतीही तपासणी करून घेण्याची गरज नाही.